हसमुख धीरजलाल सांकलिया

हसमुख धीरजलाल सांकलिया (जन्म : मुंबई, १० डिसेंबर १९०८, मृत्यू : पुणे, २८ जानेवारी १९८९) हे प्रागितिहासाचे संशोधन करणारे नामवंत भारतीय पुरातत्त्वज्ञ होते. पुण्याच्या डेक्कन कॉलेज पदव्युत्तर व संशोधन संस्थेत १९३९ पासून १९७३ पर्यंत त्यांनी अध्यापन व संशोधन केले. लेखनविद्या अस्तित्वात येण्यापूर्वीच्या माणसाचा माग त्याच्या दगडी हत्यारांवरून कसा काढावा, याचे शिक्षण भारतातील विद्यार्थ्यांच्या काही पिढ्यांना त्यांच्याकडून मिळाले. गुजरात, महाराष्ट्र, माळवा, राजस्थान, कर्नाटक आणि काश्मीर हे त्यांच्या व त्यांच्या विद्यार्थ्यांच्या कामाचे प्रदेश. महाराष्ट्राच्या दृष्टीने त्यांचे सर्वांत मोठे कार्य म्हणजे, काळ्या खडकाच्या या भूमीत आदिमानव राहिलाच नसावा ही त्यांच्या आधीची समजूत त्यांनी गोदावरी व प्रवरा या नद्यांच्या काठांवरील पुराव्याने दूर केली.

बालपण आणि शिक्षण

सांकलियांचे घराणे मूळचे गुजरातमधील असून मुंबईत स्थायिक झालेले होते. घरात वकिलीची परंपरा होती. जन्मतः ते इतके अशक्त होते की हे मूल जगेल अशी आशा घरच्यांना नव्हती. पुढे याच माणसाने नद्यांच्या दरडी आणि उघडे माळ पायी तुडवण्यात आयुष्य घालवले.

वयाच्या पंधराव्या वर्षी त्यांच्या हाती लोकमान्य टिळकांच्या वेदकालीन आर्यांच्या मूलस्थानाविषयीच्या ग्रंथाचे गुजराती भाषांतर आले. त्यातील फारच थोडे त्यांना कळले. पण आर्य कोण व ते कोठून आले याचा शोध आपण घ्यायचा, असे त्यांनी ठरवले. टिळकांप्रमाणे संस्कृत आणि गणित हे दोन विषय आल्याशिवाय हे काम होणार नाही, असे मानून त्यांनी अभ्यासाची दिशा निश्चित केली. संस्कृत विषय घेऊन ते मुंबई विद्यापीठाची बी.ए. परीक्षा पारितोषिकासह उत्तीर्ण झाले. एम.ए.साठी त्यांनी प्राचीन भारताचा इतिहास निवडला आणि स्पॅनिश इतिहाससंशोधक फादर हेन्री हेरास यांच्या मार्गदर्शनाखाली नालंदा विद्यापीठावर प्रबंध लिहिला. त्यासाठी स्थापत्य, मूर्तिशास्त्र आणि बौद्ध धर्माचा इतिहास यांचा अभ्यास त्यांना करावा लागला. हा प्रबंध १९३४ मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाला. घराण्याच्या रीतीप्रमाणे कायद्याची पदवीही त्यांनी घेतली, पण वकिली केली नाही.

पुढील शिक्षणासाठी ते लंडनला गेले. तेथे के. डी बी. कॉड्रिंग्टन यांच्या मार्गदर्शनाखाली गुजरातचे पुरातत्त्व या विषयावर त्यांनी पीएच.डी.चा प्रबंध सादर केला. या काळातील त्यांच्या आयुष्याला वळण देणारी गोष्ट मात्र ग्रंथालयात नव्हे, तर इंग्लंडच्या डॉर्सेट परगण्यात घडली. तेथील मेडन कॅसल या प्राचीन टेकडीकिल्ल्यावर मॉर्टिमर व्हीलर यांचे उत्खनन चालू होते. व्हीलर हे थरांच्या क्रमाला अतोनात महत्त्व देणारे उत्खननकार होते. वस्तू कोणत्या थरात सापडली हे नोंदले गेले नाही, तर त्या वस्तूचे ऐतिहासिक मोल जवळजवळ नाहीसे होते, हा त्यांच्या शिस्तीचा गाभा होता. सांकलियांनी ही शिस्त तेथे प्रत्यक्ष काम करून आत्मसात केली. व्हीलर स्वतः भारतीय पुरातत्त्व खात्याचे महासंचालक म्हणून १९४४ मध्ये आले. त्याआधीच त्यांची पद्धत जाणणारा एक तरुण प्राध्यापक पुण्यात कामाला लागलेला होता.

डेक्कन कॉलेज

सरकारने १९३४ मध्ये बंद केलेले पुण्याचे डेक्कन कॉलेज ऑगस्ट १९३९ मध्ये संशोधन संस्था म्हणून पुन्हा सुरू झाले. येरवड्याजवळच्या त्या जुन्या दगडी इमारतीत भाषाशास्त्रासाठी सु. मं. कत्रे, समाजशास्त्रासाठी इरावती कर्वे, मराठ्यांच्या इतिहासासाठी त्र्यं. शं. शेजवलकर अशी नामांकित मंडळी एकत्र आली. प्राचीन भारतीय इतिहासाच्या प्राध्यापकपदी सांकलियांची नेमणूक झाली. त्यावेळी त्यांचे वय तीस वर्षांचे होते.

आरंभी त्यांच्या कामाचे स्वरूप आजच्या वाचकाला अनपेक्षित वाटेल असे होते. पुण्याच्या परिसरातील महापाषाणीय शिळावर्तुळे, जुनी मंदिरे, मूर्ती, कोरीव लेखांतील गावांची व माणसांची नावे अशा विषयांत ते आणि त्यांचे विद्यार्थी गुंतले होते. कोरीव लेखांतील स्थलनामांवरून गुजरातचा सांस्कृतिक भूगोल मांडणारा त्यांचा ग्रंथ १९४९ मध्ये प्रसिद्ध झाला. अश्मयुगाकडे ते वळले ते मात्र दुसऱ्याच्या सूचनेवरून.

गुजरातमधील मोहिमा

भारतातील अश्मयुगाच्या शोधाचा आरंभ रॉबर्ट ब्रूस फूट या भूवैज्ञानिकापासून होतो. ३० मे १८६३ रोजी मद्रासजवळ पल्लावरम येथे त्यांना पहिली दगडी हातकुऱ्हाड मिळाली. पुढे १८९३ मध्ये त्यांना गुजरातेत साबरमतीच्या खोऱ्यात अशीच हत्यारे सापडली. नदीकाठच्या दरडीत ही हत्यारे खाली खडीच्या थरात होती. त्यावर वाळू व गाळाचे जाड थर होते आणि अगदी वरच्या बाजूला सूक्ष्मास्त्रे, म्हणजे बोटाच्या पेराएवढी बारीक दगडी पाती मिळत होती. यावरून, हातकुऱ्हाडी वापरणारा माणूस नाहीसा झाल्यावर फार मोठ्या कालखंडात तेथे कोणीच राहत नव्हते, असा निष्कर्ष फूट यांनी काढला. त्यांच्यानंतर जवळजवळ अर्धशतक या निष्कर्षाची तपासणी झाली नाही.

पुरातत्त्व खात्याचे तत्कालीन महासंचालक काशिनाथ नारायण दीक्षित यांनी हे काम सांकलियांवर सोपवले. पहिली गुजरात प्रागैतिहासिक मोहीम १९४१-४२ मध्ये निघाली. सांकलिया आणि त्यांचे सहकारी साबरमती व तिच्या उपनद्यांच्या काठाने हिंडले. त्यांनी दरडींच्या थरांची मोजमापे घेतली आणि कोणत्या थरातून कोणते हत्यार मिळाले याच्या नोंदी केल्या. या मोहिमेचा अधिकृत अहवाल १९४६ मध्ये बडोदे संस्थानाकडून प्रसिद्ध झाला. भूशास्त्राच्या बाजूने या थरांचा अर्थ लावण्यासाठी लंडनचे प्राध्यापक फ्रेडरिक झॉयनर यांना १९४९ मध्ये पाचारण करण्यात आले. प्राचीन हवामान व हिमयुगीन कालगणना हा झॉयनर यांचा विषय होता. आपल्याला भूशास्त्र पुरेसे येत नाही हे मान्य करून त्या विषयाच्या जाणकाराला बरोबर घेण्याची सांकलियांची ही रीत पुढे कायम राहिली.

याच मोहिमांतून मेहसाणा भागातील लांघणज हे स्थळ उजेडात आले. वाळूच्या टेकाडांखाली तेथे सूक्ष्मास्त्रे होतीच, शिवाय हातपाय पोटाशी घेऊन पुरलेल्या माणसांचे सांगाडेही मिळाले. भारतात सूक्ष्मास्त्रे करणाऱ्या माणसाचे दर्शन इतक्या स्पष्टपणे तोवर घडलेले नव्हते. सांगाड्यांच्या अभ्यासासाठी इरावती कर्वे या उत्खननात सहभागी झाल्या. मानवशास्त्रज्ञ आणि पुरातत्त्वज्ञ यांनी एकाच खड्ड्याच्या काठावर उभे राहून काम करण्याचे हे भारतातील आरंभीचे उदाहरण होय. तेथे मिळालेल्या प्राण्यांच्या अवशेषांत गेंड्याचे अवशेषही आहेत. आज कोरड्या असलेल्या त्या भागात त्या काळी पाणी आणि गवत विपुल असले पाहिजे, असे अनुमान त्यावरून करता आले.

महाराष्ट्रातील आदिमानवाचा प्रश्न

फूट यांच्या काळापासून तामिळनाडू, आंध्र, कर्नाटक या भागांत पुराणाश्मयुगीन हत्यारांची स्थळे सतत सापडत होती. महाराष्ट्राचा नकाशा मात्र जवळपास कोरा होता. मुंबईच्या उपनगरात कांदिवली येथे के. आर. यू. टॉड या नौदल अधिकाऱ्याने १९३० च्या दशकात दगडी हत्यारे गोळा करून त्यांवर लेख लिहिले होते, पण ते समुद्रकाठचे स्थळ म्हणून वेगळे धरले जाई. घाटमाथ्यावर आणि देशावर आदिमानव का नसावा, याची कारणेही दिली जात. एक म्हणजे हा सगळा प्रदेश दंडकारण्य, घनदाट जंगलाचा. दुसरे कारण अधिक वजनदार होते, आणि ते दगडाचे होते.

मद्रासकडच्या आदिमानवाने आपली हत्यारे क्वार्टझाइट या कणखर दगडाची केली. हा दगड घाव घातला की हवा तसा फुटतो आणि त्याची धार टिकते. महाराष्ट्राचा बहुतेक भाग सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी वाहून थिजलेल्या लाव्ह्याच्या थरांचा, म्हणजे बेसॉल्टचा आहे. आपण त्याला काळा पाषाण म्हणतो. या दगडाचे हवापाण्याने विघटन होते, पृष्ठभाग भुसभुशीत होतो, आणि त्याच्या सगळ्याच जाती हत्यारासाठी सारख्या उपयोगी नाहीत. तेव्हा ज्या प्रदेशात हत्यार करण्याजोगा दगडच नाही तेथे हत्यार करणारा माणूस कसा असेल, असा तर्क होता. तो वरवर पाहता सुसंगत दिसतो, आणि म्हणूनच बरीच वर्षे टिकला.

सांकलियांनी या प्रश्नाचे उत्तर गोदावरीच्या काठी शोधले. त्र्यंबकच्या डोंगराळ मुलुखात दोन मोठ्या नद्यांचा उगम आहे. वैतरणा पश्चिमेकडे वळून मोखाडा तालुक्यातून, खोडाळ्याच्या पठाराच्या बाजूने, कोकणात उतरते. गोदावरी पूर्वेकडे नाशिकच्या दिशेने जाते. नाशिकच्या अलीकडे गंगापूर येथे गोदावरीने आपल्या काठाचे जुने थर कापून उघडे केले आहेत. तळाशी खडी घट्ट चिकटून खडकासारखी झाली आहे. या खडीत सांकलियांना हातकुऱ्हाडी आणि रुंद आडव्या धारेची तोडहत्यारे मिळाली. ती बेसॉल्ट आणि डोलेराइट या स्थानिक दगडांचीच होती. लाव्ह्याच्या थरांतील भेगांमध्ये शिलारस घुसून थिजल्यामुळे डोलेराइटच्या भिंती तयार होतात. हा दगड नेहमीच्या बेसॉल्टपेक्षा घट्ट असतो. आदिमानवाने नेमका तो वेचून घेतला होता. दगड नव्हता असे नाही. कोणता दगड घ्यायचा हे त्या माणसाला नंतरच्या विद्वानांपेक्षा चांगले कळत होते. गोदावरीकाठच्या या हत्यारांवरील सांकलियांचा स्वतंत्र ग्रंथ डेक्कन कॉलेजने १९५२ मध्ये प्रसिद्ध केला.

आधीच्या शोधकांना ही हत्यारे का दिसली नाहीत, याचेही उत्तर दगडातच होते. क्वार्टझाइटच्या हातकुऱ्हाडीवरचे घाव लाखो वर्षांनंतरही ताजे वाटावेत इतके स्पष्ट राहतात. बेसॉल्टच्या हत्याराच्या कडा झिजून बोथट होतात, त्यावर तपकिरी पापुद्रा चढतो आणि नदीतल्या हजारो गोट्यांत ते आणखी एक गोटा होऊन बसते. ते ओळखायला सरावलेली नजर लागते, आणि ती नजर वर्गात बसून तयार होत नाही. सांकलिया आपल्या विद्यार्थ्यांना नद्यांच्या काठाने चालवत नेत, ते याच कारणाने.

नेवासे

गंगापूरच्या कामाला पूर्णता आली ती नेवासे येथे. अहमदनगर (आताचे अहिल्यानगर) जिल्ह्यातील प्रवरेच्या काठचे हे गाव मराठी माणसाला ज्ञानेश्वरीमुळे परिचित आहे. गावाजवळच्या लाडमोड नावाच्या टेकाडावर १९५४ ते १९५६ या काळात डेक्कन कॉलेजने मोठे उत्खनन केले. टेकाडाच्या वरच्या थरांत मुसलमानी व मराठा काळातील अवशेष, त्याखाली सातवाहन काळातील वस्ती, तीत रोमशी असलेल्या व्यापाराच्या खुणा, आणि त्याखाली ताम्रपाषाणयुगीन शेतकऱ्यांची घरे असा क्रम लागला. शांताराम भालचंद्र देव, झैनुद्दीन अन्सारी आदी सहकाऱ्यांसह लिहिलेला या उत्खननाचा अहवाल १९६० मध्ये प्रसिद्ध झाला. अहवालाच्या नावातच इतिहासाकडून प्रागितिहासाकडे जाण्याचा उल्लेख आहे. नेवाशाला हे नाव अक्षरशः लागू पडते, कारण टेकाडावरून उतरून नदीच्या पात्रात आले की माणूस आणखी फार मागच्या काळात पोहोचतो.

प्रवरेच्या दरडीत एकावर एक असे खडीचे व गाळाचे थर आहेत. खालच्या खडीत गंगापूरसारख्या हातकुऱ्हाडी व तोडहत्यारे मिळाली. वरच्या खडीतील हत्यारे निराळी होती. ती आकाराने लहान, दगडाच्या छिलक्यांपासून केलेली आणि बेसॉल्टऐवजी चर्ट, जास्पर, अकीक अशा गुळगुळीत, काचेसारख्या फुटणाऱ्या दगडांची होती. त्यांत लाकूड वा कातडे तासण्याच्या तासण्या, टोचण्या आणि टोकदार पाती यांचा भरणा होता. हे दगड लाव्ह्याच्या पोकळ्यांत व भेगांत तयार होतात. खोडाळा-मोखाड्याच्या माळावर किंवा देशावरील कोणत्याही ओढ्यात ज्याने गारगोटीवर गारगोटी आपटून ठिणगी पाडली आहे, त्याला या दगडांचा स्वभाव वेगळा सांगावा लागत नाही. थरांत प्राण्यांची अश्मीभूत हाडेही मिळाली. त्यांत आज नामशेष झालेल्या रानबैलाच्या जातीची हाडे होती.

या शोधाचे महत्त्व असे की, छिलक्यांची अशी हत्यारे आंध्रच्या पूर्व भागात कॅमियाड आणि बर्किट यांनी १९३० मध्ये वर्णिली होती. परंतु हातकुऱ्हाडींचा काळ आणि सूक्ष्मास्त्रांचा काळ यांच्या मधला हा स्वतंत्र टप्पा आहे, हे थरांच्या क्रमाने निर्विवादपणे दाखवणारे स्थळ हवे होते. नेवाशाने ते पुरवले. सांकलियांनी १९५६ मध्ये त्याविषयी सविस्तर लिहिले आणि या हत्यारांना नेवाशाच्या नावावरून ओळखण्याचा प्रघात पडला. भारतीय मध्य पुराणाश्मयुगाच्या चर्चेत एका मराठी गावाचे नाव असे रूढ झाले. फूट यांनी दोन युगांच्या मध्ये जी निर्जन पोकळी कल्पिली होती, ती आता भरू लागली होती.

नेवाशाजवळच चिरकी येथे पुढे १९६० च्या दशकात गुडरून कॉर्विनस या जर्मन संशोधिकेने उत्खनन करून हातकुऱ्हाडींचा फार मोठा साठा उजेडात आणला. तेथे हत्यारे नदीने दूर वाहून आणलेली नसून माणसाने काम केले त्या जागेच्या आसपासच राहिलेली होती.

हत्यारांकडे पाहण्याची दृष्टी

दगड आपोआप फुटला की माणसाने फोडला, हा प्रागितिहासाच्या विद्यार्थ्यापुढचा पहिला प्रश्न असतो. सांकलियांनी १९६४ मध्ये अश्मयुगीन हत्यारांची तंत्रे, नावे आणि संभाव्य उपयोग यांवर एक पुस्तक लिहिले. ते आकाराने लहान असले तरी भारतीय विद्यापीठांत पाठ्यपुस्तकासारखे वापरले गेले. नेमका घाव बसला की छिलका निघतो. त्या छिलक्याच्या आतल्या बाजूला घावाच्या बिंदूखाली फुगवटा येतो आणि मूळ गाभ्यावर त्याचा खळगा उमटतो. असे खळगे एका मागोमाग, एका हेतूने, दोन्ही बाजूंनी काढलेले दिसले, म्हणजे त्यामागे हात आणि मन आहे असे समजावे. दगडाच्या हातोडीने काढलेला छिलका खोल व जाड निघतो, लाकूड वा हाडाच्या हातोडीने काढलेला पातळ व उथळ निघतो. या बारकाव्यांवरून हत्यार आरंभीचे की प्रगत तंत्राचे, हे ठरवता येते. पुस्तकाच्या नावात उपयोग या शब्दाआधी संभाव्य हे विशेषण त्यांनी मुद्दाम घातले आहे. हातकुऱ्हाडीचा वापर नेमका कशासाठी होई, याविषयी ठाम बोलणे त्यांनी टाळले.

पहिल्या शेतकऱ्यांचा शोध

सांकलियांचे नाव अश्मयुगाइतकेच ताम्रपाषाणयुगाशी जोडलेले आहे. कोल्हापूरच्या पंचगंगेकाठी ब्रह्मपुरी येथे १९४५-४६ मध्ये त्यांनी मोरेश्वर दीक्षित यांच्यासह उत्खनन केले. त्यानंतर १९५०-५१ मध्ये नाशिक आणि संगमनेर तालुक्यातील जोर्वे येथे उत्खनने झाली. जोर्वे येथील लाल रंगाची, काळ्या नक्षीची, वाजवली असता धातूसारखा नाद देणारी मडकी इतकी वैशिष्ट्यपूर्ण निघाली की महाराष्ट्रातील आद्य शेतकऱ्यांच्या संस्कृतीला जोर्वे संस्कृती हेच नाव पडले. तिचा काळ कार्बन-१४ पद्धतीने साधारणपणे इ.स.पू. १४०० ते ७०० असा ठरला आहे. नर्मदेकाठी महेश्वर-नावडाटोळी, राजस्थानात आहाड आणि पुणे जिल्ह्यात घोड नदीकाठी इनामगाव ही या मालिकेतील पुढची मोठी कामे. इनामगावचे उत्खनन १९६८ मध्ये सुरू होऊन १९८३ पर्यंत चालले. मधुकर ढवळीकर व अन्सारी यांच्यासह तेथे शंभराहून अधिक घरे उघडी करण्यात आली.

वाद आणि मतभेद

काश्मीरच्या खोऱ्यात हिमयुगाचा अभ्यास करणाऱ्या डी टेरा आणि पॅटर्सन या परदेशी संशोधकांना १९३५ च्या मोहिमेत आदिमानवाची हत्यारे मिळाली नव्हती. साठी गाठलेले सांकलिया १९६९ मध्ये पहलगाम येथे लिद्दर नदीच्या काठी गेले असता त्यांना हिमयुगीन निक्षेपात एक मोठा छिलका व हातकुऱ्हाड सापडली. हा शोध १९७१ मध्ये प्रसिद्ध झाला. त्याच्या कालनिर्णयाबद्दल आणि काही दगडांच्या मानवनिर्मित असण्याबद्दल नंतरच्या अभ्यासकांनी शंका घेतल्या आहेत.

याहून मोठे वादळ उठले ते १९७३ च्या रामायणविषयक पुस्तकाने. रामायणातील लंका म्हणजे आजची श्रीलंका नसून ती मध्य भारतात असावी, असे मत त्यांनी मांडले. रामायणात उल्लेखिलेल्या वस्तू, वनस्पती आणि नगररचना यांचा मेळ उत्खननातील पुराव्याशी घालून त्यातील कोणता भाग किती जुना हे ठरवावे, अशी त्यांची भूमिका होती. श्रद्धाळू वाचकांना ती रुचली नाही. काही पुरातत्त्वज्ञांनाही महाकाव्याला असा प्रत्यक्ष पुरावा लावणे योग्य वाटले नाही. या प्रकरणात सांकलियांचे अनुमान त्यांच्या नेहमीच्या पुराव्याच्या मर्यादेपलीकडे गेले होते, असे म्हणण्यास जागा आहे.

त्यांच्या अश्मयुगीन संशोधनावरील महत्त्वाचा आक्षेप त्यांच्याच शिष्यपरंपरेतून आला. नदीकाठच्या खडीत मिळणारी हत्यारे पुराने वाहून आलेली असतात. त्यांवरून कालक्रम कळतो, पण माणूस कोठे बसे, कोठे हत्यारे घडवी, काय खाई हे कळत नाही. कटरागड्डा पद्दय्या यांनी कर्नाटकातील हुणसगी खोऱ्यात नद्यांपेक्षा झऱ्यांजवळच्या मूळ वस्तीस्थानांचा शोध घेऊन हा मुद्दा पुढे नेला. पद्दय्या हे डेक्कन कॉलेजचेच विद्यार्थी होते. पुढे तेथे प्राध्यापक म्हणून काम करताना त्यांनी अभ्यासाची ही नवी दिशा रूढ केली.

ग्रंथलेखन आणि सन्मान

भारत व पाकिस्तानातील प्रागितिहास आणि इतिहासपूर्व काळ यांवरील सांकलियांचा बृहद्ग्रंथ १९६२ मध्ये मुंबई विद्यापीठाने प्रसिद्ध केला. त्याची बरीच वाढवलेली दुसरी आवृत्ती १९७४ मध्ये निघाली. दोन आवृत्त्यांच्या आकारातील फरक पाहिला तरी मधल्या बारा वर्षांत या विषयाची केवढी वाढ झाली ते लक्षात येते. मराठी वाचकांसाठी म. श्री. माटे यांच्यासह त्यांनी सिद्ध केलेला महाराष्ट्रातील पुरातत्त्व हा ग्रंथ १९७६ मध्ये आला. पुरातत्त्वाच्या प्राथमिक परिचयाचे पुस्तक, प्रागैतिहासिक कला व तंत्रज्ञान यांवरील ग्रंथ, तसेच गुजरातीतील लेखनही त्यांच्या नावावर आहे. १९७८ मध्ये त्यांचे इंग्रजी आत्मचरित्र प्रसिद्ध झाले. गुजराती साहित्यक्षेत्रातील रणजितराम सुवर्णचंद्रक त्यांना मिळाला होता. भारत सरकारने १९७४ मध्ये त्यांना पद्मभूषण किताब दिला.

निवृत्तीनंतरही सांकलिया डेक्कन कॉलेजशी संबंध राखून होते. २८ जानेवारी १९८९ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले.

नंतरचे संशोधन

सांकलियांच्या हयातीत महाराष्ट्रातील हातकुऱ्हाडींचे वय मुख्यतः थरांच्या क्रमावरून आणि सोबतच्या प्राण्यांच्या हाडांवरून, म्हणजे सापेक्ष पद्धतीने ठरवावे लागे. निरपेक्ष वय ठरवण्याची साधने हळूहळू हाती आली. जुन्नर तालुक्यात कुकडी नदीच्या काठी बोरी येथे ज्वालामुखीच्या राखेचा थर आणि त्याच्या सान्निध्यात दगडी हत्यारे मिळाल्याचे डेक्कन कॉलेजच्या संशोधकांनी १९८० च्या दशकात दाखवले. राखेचे वय भौतिक पद्धतीने काढता येत असल्याने या शोधाने मोठी उत्सुकता निर्माण झाली. एका मोजणीत ते सुमारे चौदा लाख वर्षे आले, दुसरीत त्याच्या निम्म्याच्या आसपास, तर काही शास्त्रज्ञांच्या मते ही राख सुमात्रातील टोबा ज्वालामुखीच्या सुमारे ७५ हजार वर्षांपूर्वीच्या उद्रेकाची आहे. हा वाद बराच काळ चालला आहे. तामिळनाडूतील अत्तिरमपक्कम या फूट यांच्या काळापासून ज्ञात असलेल्या स्थळावरील हातकुऱ्हाडींचे वय सुमारे पंधरा लाख वर्षे असल्याचे २०११ मध्ये प्रसिद्ध झाले, आणि दख्खनच्या काळ्या खडकातील हत्यारेही आधी वाटत होती त्याहून बरीच जुनी असू शकतात, या मताला त्यामुळे बळ मिळाले. गोदावरी, प्रवरा, घोड, कुकडी आणि कऱ्हा यांच्या काठांवरील त्याच खडीच्या थरांकडे अभ्यासक आता नव्या उपकरणांसह पुन्हा वळले आहेत.